वाटेवरचे अभिवादन
मोटारसायकलवरून दूरचा प्रवास करणाऱ्यांत एक गोड रीत आहे. समोरून दुसरा स्वार आला, की ते डावा हात उंचावून त्याला अभिवादन करतात; उजव्या हाताला वेगाची मूठ सोडता येत नाही. मनाली-लेह मार्गावर मी ही रीत पाहिली. परंतु तेथे बुलेटवाले बहुधा बुलेटवाल्यांनाच हात करीत. लहानशा स्कूटरवरून एकटाच चढ चढणाऱ्या तरुणाकडे कोणी पाहिलेही नाही. मी हात उंचावला, तेव्हा त्याचा शिणलेला चेहरा फुलला. त्या वाटेवरील बारालाचा खिंड ४,८०० मीटरांहून उंच आहे. तेथील विरळ हवा आणि बोचरा वारा कोणाचे वाहन केवढे, हे पाहत नाहीत. अशा ठिकाणी वाहन बिघडले, तर जो वाटसरू प्रथम येईल, तोच आपला सोयरा. मग तो बुलेटवर असो वा स्कूटरवर.