परवान्याचा गांजा

अबकारी खात्यात ज्याने उभी हयात घालविली, त्याला गांजा प्रामुख्याने मुद्देमाल म्हणून परिचित असतो. गांजा ओढणारा मनुष्य त्याच्या दप्तरात क्वचितच प्रवेश करतो. शिरपूरच्या बाजूस, सातपुड्याच्या पायथ्याशी, तुरीच्या आणि कापसाच्या ओळींआड दडविलेली झाडे उपटावयाची, पंचांसमक्ष त्यांचे वजन करावयाचे, कायद्याने फुलोऱ्याचे शेंडे तेवढे गांजा ठरविलेले असल्यामुळे पाने, देठ आणि मुळे यांचा उल्लेख पंचनाम्यात कसा करावा यावर सरकारी वकिलांशी हुज्जत घालावयाची आणि लाखेची मोहोर लावून नमुने रासायनिक विश्लेषकाकडे रवाना करावयाचे, हा आमचा शिरस्ता. निवृत्तीनंतर कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातील किचनर येथे मुलीकडे दीर्घकाळ राहण्याचा योग आला, तेव्हा घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर, दुधी काचांच्या आड, हाच मुद्देमाल परवानाधारक दुकानदार रीतसर पावती देऊन विकतो आहे हे पाहून मला विस्मय वाटला. निषेधाचा अंश मात्र त्यात फारसा नव्हता.

याचे कारण असे की, आमच्या खात्याची जुनी परंपराही बंदीची नसून परवान्याचीच. १८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात ओरड झाल्यावर हिंदुस्थानात जो गांजा-भांग आयोग नेमला गेला, त्याने ११९३ साक्षी नोंदविल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यादेखील तपासल्या. तेथे ‘कारण’ या रकान्यात ‘गांजा’ असे जे सर्रास लिहिलेले आढळे, ते पुष्कळदा पोलिसांच्या कागदांवरून नुसते उतरून घेतलेले असे, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि कारकुनी पेशातील कोणालाही त्याचे नवल वाटू नये. मित सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिरेकाने होतो. सबब सर्वस्वी बंदी न घालता कर चढा ठेवावा, दुकाने मोजकी असावीत आणि बाळगण्याच्या मात्रेवर मर्यादा घालावी, अशी त्या आयोगाची तजवीज होती. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी जो कायदा अमलात आणला, तो वाचताना मला आपल्याच खात्याचे जुने दप्तर चाळल्यासारखे वाटले: सार्वजनिक ठिकाणी तीस ग्रॅमपर्यंत बाळगण्याची मुभा, घरी चार झाडे, ऑन्टारिओत वयाची अट एकोणीस. फरक एवढाच, की मोजक्या दुकानांचे ते जुने पथ्य येथे कोणी पाळले नाही. काही वर्षांतच या एका प्रांतात दीड हजारांहून अधिक दुकाने झाली.

माझा नातू तेव्हा विद्यापीठात शिकत होता. त्याला पहाटे मळमळ सुटे, मग पोट रिकामे झाल्यावरही न थांबणाऱ्या ओकाऱ्या येत, आणि त्यांवर त्याने स्वतःच शोधून काढलेला उपाय म्हणजे कढत पाण्याच्या फवाऱ्याखाली, घरातले सारे गरम पाणी संपेपर्यंत उभे राहणे. मुलीने तो परीक्षेचा ताण मानला, जावयाने बाहेरच्या खाण्याला दोष दिला, मी पित्ताचा विकार समजून सुंठ-साखर सुचविली. एका रात्री त्याला उभेही राहवेना, तेव्हा आम्ही इस्पितळाच्या तातडीच्या विभागात गेलो. कित्येक तास तिष्ठल्यावर आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी काय खाल्ले हे विचारलेच नाही, “गरम पाण्याने बरे वाटते का?” एवढाच त्यांचा पहिला प्रश्न होता. दुसरा प्रश्न गांजाविषयी होता.

“रोज घेतो,” तो म्हणाला, “सकाळी उठल्यापासून. पण ते दुकानातलं असतं. तपासलेलं असतं.”

गांजाच्या दीर्घ आणि नित्य सेवनाने जडणारा हा वांतीचा विकार वैद्यकाच्या नोंदीत आला तो २००४ साली, ऑस्ट्रेलियातील रुग्णांवरून. कर्करोगाच्या उपचारांतील ओकाऱ्या शमविणारे द्रव्यच अतिरेकाने ओकाऱ्या कशा उत्पन्न करते, याचा उलगडा पुरता झालेला नाही. पोटावर मिरचीतील दाहक द्रव्याचे मलम चोळल्याने तात्पुरता उतार पडतो. कायमचा इलाज सेवन सोडणे, हा एकच. ऑन्टारिओत अशा रुग्णांच्या तातडीच्या भेटी २०१४ ते २०२१ या अवधीत तेरापट झाल्या, असे तेथील संशोधकांनी मांडले आहे, आणि त्यातील बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो: ही वाढ कायदा झाला त्या दिवशी एकाएकी उसळली नाही, दुकाने आणि मालाचे प्रकार फोफावले त्या काळात, जो काळ महासाथीचाही होता, ती ठळक झाली. १८९३ साली नेमलेल्या आयोगाने ज्या गांजाविषयी सौम्य मत दिले, तो हा गांजा नव्हे. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत जप्त होणाऱ्या मालात मादक द्रव्याचे प्रमाण शेकडा चारच्या आसपास असे. आज दुकानातल्या फुलोऱ्यात ते वीसच्या वर सहज असते, आणि अर्क तर त्याहून कितीतरी तीव्र. क्वेबेक प्रांताने वयोमर्यादा एकवीसवर नेली आणि गांजायुक्त मिठाई व चॉकलेटे विकूच दिली नाहीत. इतर मोठ्या प्रांतांत अजाणता विषबाधा होऊन इस्पितळात दाखल होणाऱ्या लहान मुलांची संख्या जशी वाढली, तशी तेथे वाढली नाही. परवानगी आणि दुकानदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तिजोरीला महसुलाची गोडी लागलेल्या कोणत्याही सरकारच्या लवकर ध्यानात येत नाही.

नातवाने गांजा सोडल्यानंतरचे दिवस आम्हा सर्वांच्याच कसोटीचे होते. झोप नाही, अन्नावर वासना नाही, अंथरूण घामाने भिजलेले, डोळा लागला तर भयंकर स्वप्ने, आणि आईने साधा चहा विचारला तरी अंगावर धावून येणे. “गांजाचं व्यसन लागत नसतं, जगाला ठाऊक आहे,” असे तो हात थरथरत असताना म्हणे. सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे दहांतील एकाला ते लागते. पोलिसांचा धाक नाही, ही गोष्ट मी निःसंशय इष्ट मानतो. याच अपराधाबद्दल मी बेड्या ठोकलेली पोरे त्याच्याहून काही मोठी नव्हती. परंतु त्या धाकाबरोबर घरातल्यांनी विचारपूस करण्याचे निमित्तही नाहीसे झाले होते, आणि मुलगी मला एकदा म्हणाली ते अक्षरशः खरे होते: “बाबा, तो दारू प्यायला असता तर मी ओरडले असते. ह्याला काय म्हणून ओरडू?”

पुढल्या सत्रात तो पुन्हा घसरला, पुन्हा इस्पितळात गेला. आता समुपदेशकाकडे नियमाने जातो. हिवाळ्यात हिंदुस्थानात यायचे ठरल्यावर त्याने मला विचारले, “आबा, तिकडे जवळ सापडला तर काय होतं?” मी सांगितले: एका किलोपर्यंत अल्प मात्रा, तिला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो चकित झाला. मग त्याच कायद्यातले कलम ६४-अ मी त्याला समजावून दिले, ज्यान्वये अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी इसम स्वेच्छेने उपचार घेण्यास तयार झाला तर त्याला खटल्यातून मोकळीक मिळू शकते. “किती जण घेतात मग?” त्याने विचारले. माझ्या उभ्या नोकरीत त्या कलमाखाली अर्ज करणारा एकही इसम माझ्यासमोर आला नव्हता. आणि त्याला त्या कलमाची माहिती द्यावी, असे आम्हा अंमलदारांपैकी कोणाच्या मनातही कधी आले नव्हते.