ओलीवरचा मसूर

माघ सरत आला की अर्जुनी मोरगावकडच्या बांध्यांत धान नसतं, लाखोळी असते. धान उभं असतानाच त्यात बी फेकलेलं असतं; कापणी झाली की उरल्या ओलीवर लाखोळी, जवस, एखाद्या बांधीत मसूर वर येतो. त्या मसुराची एक शेंग मी नखाने उकलली. आत दोन चपटे दाणे, मध्ये फुगीर, कडेला निमुळते. लेन्स हा शब्दच मुळी मसुराच्या लॅटिन नावावरून आलेला. आणि अशाच आकाराच्या दीर्घिकांना आपण भिंगाकृती म्हणतो.

रात्री धुऱ्याशेजारी दुर्बीण मांडली. ईशान्येला सप्तर्षी वर येत होते. आजीच्या लेखी ती चार ताऱ्यांची खाट, आणि मागचे तिघे ती पळवणारे चोर. "ते पाय बाबू, खाट निंगाली!"

मला हवी होती सिंह राशीच्या दक्षिणेकडची अशीच एक भिंगाकृती दीर्घिका, एनजीसी ३११५. कडेवरून दिसते म्हणून तिचं टोपणनाव चाती, चरख्यावरची. २२ फेब्रुवारी १७८७ रोजी विल्यम हर्शेलला ती सापडली. तो दुर्बिणीतून दिसेल ते सांगायचा आणि बहीण कॅरोलिन दिव्यापाशी बसून टिपून घ्यायची. त्या दोघांच्या जागरणांबद्दल मला फार माया वाटते.

१९३६ मध्ये एडविन हबलने लंबवर्तुळी आणि सर्पिल दीर्घिकांच्या सांध्यावर या भिंगाकृती जातीसाठी जागा आखली, तीही अंदाजानेच. तबकडी सर्पिल दीर्घिकेसारखी, पण हात नाहीत. वायू जवळजवळ सरलेला, म्हणून नवे तारे क्वचितच जन्मतात. उरलेले म्हातारे, तांबूस-पिवळे. बांधीत निदान कापणीनंतर ओल तरी राहते.

सगळ्यांची गोष्ट एकच नाही, हे आपल्या पुण्यातून पुढे आलं. खगोलशास्त्रज्ञ अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की तेजस्वी आणि मंद भिंगाकृती दीर्घिकांची घडण वेगवेगळ्या वाटांनी झाली असावी. मंद त्या बहुधा वायू गमावलेल्या सर्पिल दीर्घिका.

दुर्बीण तसूतसूने सरकवली. मग ती आली: राखाडी, बारीक, मध्ये जरा उजळ. सुमारे ३ कोटी २० लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. मी सांगत गेलो. धाकट्या बहिणीने लाल कागद लावलेल्या टॉर्चखाली वहीत लिहिलं: अकरा वाजून वीस. चाती. फिकट. दोन्ही टोकं निमुळती.