एकोणीस नंबर आहे का?

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कपाट उघडू नये, पगार विचारू नये आणि ताटात वाढलेलं टाकू नये, एवढे शिष्टाचार आमच्या आईने आम्हाला शिकवले. पण दुसऱ्याच्या पेपरातलं कुपन कसं मागावं, हे काही तिने शिकवलं नाही. त्यामुळे पुढे जे घडलं त्याचा थोडा दोष तिच्याकडेही जातो, असं मी मनाला समजावत असतो.

आमच्या पेपराने योजना काढली. रोज एक कुपन छापून येणार, ते कापायचं आणि प्रवेशिकेवरच्या त्या त्या नंबरच्या चौकोनात चिकटवायचं. ९० पैकी ७५ कुपनं झाली की हमखास भेट म्हणून कॅसरोल, शिवाय सोडतीत मोटारगाडी. झेरॉक्स चालणार नाही. मोटार आपल्याला लागणार नाही, हे पेपरवाल्यांना ठाऊक असतं आणि आपल्यालाही. तरीसुद्धा ती उभी कुठे करायची यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी गंभीर चर्चा झाली. योजनेची खरी मेख वेगळीच असते. एकदा तिसाव्या कुपनाला पोचलेला माणूस पेपर बदलत नाही. मग अग्रलेख वाचून त्याचं रक्त कितीही उसळो. तीन महिने तो बांधला गेला.

तसा हा नाद आमच्या घराण्यात जुनाच. वडिलांच्या पिढीला बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी झपाटलं होतं. ते वेड एवढं बोकाळलं की १९५५ साली संसदेला कायदा करून, महिन्याकाठी एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसं वाटणाऱ्या अशा स्पर्धा बंद कराव्या लागल्या. आमच्या वडिलांना संसदेचा हा एकच कायदा पाठ होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत माफ केला नाही.

तर आमची ७४ कुपनं झाली. मधले सोळा दिवस आम्ही कोकणात गेलो होतो; जाताना सौ.ने दूधवाल्याबरोबर पेपरवाल्यालाही नको म्हणून सांगितलं. बारा ते सत्तावीस हे चौकोन रिकामे आणि कॅसरोल एका कुपनावर अडलेला.

अशा वेळी आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रूप कामाला येतो. एरवी तिथे पाण्याच्या टाकीवरून भांडणं चालतात, पण योजनेच्या दिवसांत सगळे एकमेकांना 'जी' म्हणू लागतात. 'जी, ३३ आहे का? बदल्यात ५१ देतो.' या बाजाराचे काही अलिखित नियम आहेत. नुसतं मागू नये, बदल्यात काहीतरी धरून मागावं. मिळाल्यावर 'मिळालं' असं लिहावं, नाहीतर दोन दिवसांनीही चार भली माणसं आपल्यासाठी रद्दी उपसत बसतात. आणि दिलं तर कॅसरोलची चौकशी करू नये. आमच्या समोरचे निवृत्त बँक मॅनेजर हा शेवटचा नियम पाळत नाहीत. मागे एका योजनेत त्यांनी मला दोन कुपनं दिली होती; त्यातून आलेल्या बरणीकडे ते आजही भागीदाराच्या नजरेने पाहतात. दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई हौसेने कुपनाचा फोटो ग्रूपवर टाकतात. फोटो चिकटवता येत नाही, हे त्यांना तिघांनी समजावून झालं.

माझा भाचा लंडनला असतो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, इथेही तेच." तिकडच्या 'डेली मेल'ने प्रत्येक अंकावर निराळा नंबर छापायला सुरुवात केली होती. तो संगणकात भरला की आपल्या खात्यात गुण जमा. हा शेजारणीचा पेपर तिच्या परवानगीने वाचायचा आणि उरलेला नंबर मित्रांच्या ग्रूपवर टाकायचा. पण नंबर एकदाच चालतो. पहिला येईल तो घेऊन जातो आणि गुपचूप बसतो. मागचे आठजण तोच नंबर दाबून दाबून थकतात. "घेतला तर घेतला म्हणून सांगावं ना!" असं तो इतक्या कळवळून म्हणाला की मला भाच्याचा अभिमान वाटला. संस्कार आजोळचे!

मी ग्रूपवर विचारणार होतो. पण मॅनेजर आठवले. मग तळमजल्यावरच्या काकू आठवल्या. काकूंचं वय नव्वदीकडे झुकलेलं, कुपनं जमवत नाहीत, पण पेपर तोच घेतात. मी गेलो तेव्हा त्या झोपल्या होत्या. मदतीला येणाऱ्या मावशींनी कोपऱ्यातला पेपरांचा गठ्ठाच पुढे केला आणि कात्रीही दिली. तारीख शोधली, एकोणीस नंबर कापला, घरी आलो, डिंकाने पक्का चिकटवला. पंच्याहत्तर! सौ.ने साखर घालून शिरा केला.

संध्याकाळी मावशी दारात. "दादा, ते कापलेलं आजी मागतायत."

पानाची मागची बाजू मी पाहिलीच नव्हती. मागे काकांच्या पुण्यस्मरणाची जाहिरात होती. नाशिकच्या मुलाने दिलेली. माझ्या कात्रीने काकांना कपाळापासून मिशीपर्यंत उचललं होतं. खाली नुसती हनुवटी आणि 'तुझ्या आठवणीत' एवढं काकूंकडे उरलं होतं. तो अंक त्यांनी जपून ठेवला होता आणि मावशींनी आवराआवरीत गठ्ठ्यात टाकला होता.

रात्री साडेनऊला आमच्या स्वयंपाकघरात शस्त्रक्रिया झाली. पातेल्यात पाणी उकळत होतं, मी प्रवेशिका वाफेवर धरली होती आणि सौ. सुरीच्या टोकाने एकोणीस नंबर सोडवत होती. "विचारून घ्यायचं असतं अहो," एवढंच ती म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर इतकं कमी बोलणं फार लागतं. कुपन सुटलं, त्याबरोबर शेजारचे अठरा आणि वीसचे चौकोनही सोलून आले, म्हणजे प्रवेशिकाही गेल्यातच जमा.

दुसऱ्या दिवशी मी ते दोन बोटांत धरून खाली गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पण दारातच विसरलो. काकूंनी चष्मा लावला, तुकडा पानावर जुळवला, बोटाने दाबला. डिंकामुळे काकांची मिशी थोडी पिवळी पडली होती. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

"जन्मभर कुपनं कापली रे त्यांनी," त्या म्हणाल्या. "साबणाची, चहाची, पेपरातली. एक चमचासुद्धा लागला नाही कधी. शेवटी स्वतःच कुपनाच्या मागे जाऊन बसले."

आणि त्या हसल्या. मग मावशींना हाक मारून म्हणाल्या, "त्याला बाकीचा गठ्ठा दे गं. आणि तू रे, कापायच्या आधी उलटून बघत जा."

मी गठ्ठा घेतला नाही. वर येऊन मुकाट्याने ग्रूपवर लिहिलं: 'कोरी प्रवेशिका आणि १२ ते २७ पैकी कोणतंही एक कुपन आहे का? बदल्यात ८० देतो.'

पाच मिनिटांत मॅनेजरांचं उत्तर आलं. 'दोन्ही आहेत. कॅसरोल केवढा आहे?'