सासूबाईंचं आणि माझं एकमत

लग्नाला अठरा वर्षं झाली. एवढ्या काळात सासूबाईंचं आणि माझं पुरतं एकमत झालं ते एकदाच, परवाच्या दिवाळीत. यांची किडनी मला घ्यायची नाही, यावर. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या अंगाला सुरी लागायची नाही." मी म्हणाले, "मलाही नकोच आहे, आत्या." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला फार आवडला, हे आधीच कबूल करते.

दोन वर्षं झाली, तासगावहून मिरजेला डायलिसिसला जाते, आठवड्यातून दोनदा. बीपी वाढलेलं कधी कळलंच नाही. कळलं तेव्हा क्रिएटिनिन 9 वर पोचलेलं. डायलिसिस सरकारी योजनेतून मोफत होतं, पण जाणं-येणं, मशीनवरचे चार तास आणि घरी आल्यावरची ग्लानी धरली तर अख्खा दिवस जातो. डाव्या हाताच्या फिस्टुलावर बोट ठेवलं की आत कुणी जातं फिरवतंय अशी घरघर लागते. ती लागली की मी निर्धास्त. पाणी दिवसाला 1 लिटर, त्यात चहा आणि आमटीही धरायची. भाजी चिरून पाण्यात भिजत घालायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायची, म्हणजे पोटॅशियम उतरतं. गंमत अशी की आमचं घर बेदाण्याचं. द्राक्षाचे मोजके दहा मणी मला चालतात, बेदाणा बिलकूल नाही. वाळला की मूठभर बेदाण्यात ढीगभर द्राक्षांचं पोटॅशियम गोळा होतं. हंगामात शेडवर निवडायला बसते आणि एकही तोंडात टाकत नाही.

डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचं सुचवलं तेव्हा आईला मधुमेह म्हणून ती पहिल्याच दिवशी बाद झाली. भावाकडून भाऊबीजेला साडी आली, विषय आला नाही. त्याला दोष देत नाही. त्याच्याही घरी कुणी रडलं असेल. मेंदूमृत माणसाची किडनी मिळावी म्हणून पुण्याच्या यादीत नाव घातलं. तिथे नुसती वाट बघायची.

राहिले हे. रक्तगट ओ, म्हणजे कुणालाही चालणारा. हे लगेच तयार, आणि मी लगेच नाही म्हणाले. कारणं तोंडपाठ होती. कर्ता माणूस. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, पावसात बागेत दिवसरात्र औषध मारणं. सोसायटीचं कर्ज. दोन मुलं. सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्यासोबत 'किती समजूतदार सून' हेही ऐकू येत होतं, आणि ते ऐकायला मला बरं वाटत होतं.

माझ्या शेजारच्या कॉटवर जतकडचे एक गृहस्थ असायचे. त्यांची बायको बाहेर बाकावर डबा घेऊन बसायची. एकदा सहज म्हणाली, पुढच्या महिन्यात मीच देतेय त्यांना. मी विचारलं, "घरी कुणी नको म्हणालं नाही?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "नको कशाला म्हणतील?" शेळ्या, शेत, तीन लेकरं, सगळं तिच्याच अंगावर होतं. पण तिला कुणी कर्ता माणूस म्हटलं नव्हतं.

त्या रात्री झोप नाही. उलटं असतं तर मी काय केलं असतं? विचारसुद्धा केला नसता, दिली असती. सासूबाईंनी देवाला नारळ फोडला असता. पुढे वाचनात आलं की 1995 ते 2021 या काळात देशातल्या प्रत्यारोपणांत पाचातले चार अवयव पुरुषांना मिळाले. त्या आकड्यात एक माझ्यासारखीही धरायला हवी, जिला मिळत होता आणि तिनेच घरच्या हिशेबात स्वतःची किंमत कमी लावली. वर त्याला त्याग म्हणवून घेतलं.

सकाळी यांना सांगितलं तर चिडलेच. "वर्षभर तू माझं ठरवत बसलीस. माझ्या पोटातली आहे ना? ठरवू दे की मला."

भीती गेलेली नाही. प्रत्यारोपण म्हणजे बरं होणं नव्हे, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. गोळ्या जन्मभर, संसर्गाची धास्ती, आणि नवी किडनीही कधीतरी थकते. यांची माझ्यात वाया गेली तर? याला उत्तर नाही. समितीसमोर मुलाखत होईल, तिचं चित्रीकरण होतं म्हणे. कुणाचा दबाव आहे का, हे यांना विचारतील. वर्षभर दबाव होता तो देऊ नका म्हणून, तोही माझाच, हे कुणी विचारणार नाही.

सासूबाई सध्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. त्यांचं मला कळतं. माझ्याही पोटी मुलगा आहे.

यांच्या तपासण्या चालू आहेत. शस्त्रक्रियेनंतर काही महिने जड उचलायचं नाही, म्हणून यांना खरड छाटणी उरकल्यावरची तारीख हवीय, आणि या बाबतीत मी गप्प बसायचं ठरवलंय. परवा चोवीस तासांची लघवी साठवायची होती. 5 लिटरचा कॅन खताच्या पिशवीत घालून हे बागेत गेले, गड्यांपासून लपवत दिवसभर सांभाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत आणून ठेवला. 2 लिटरच्या वर भरला होता. मला तर वर्षभरात वाटीभरही धड होत नाही. मी वाकून बघत राहिले. हे म्हणाले, "बघतेस काय, झाकण लाव."