नावाचा मक्ता

वर्धेहून समुद्र फार दूर आहे, आणि आमच्या घराण्यात तो मुद्दाम पाहायला म्हणून कुणी गेल्याचे मला तरी आठवत नाही. अशा घरातला माझा पुतण्या मंगळूरजवळच्या मुल्कीला जाऊन लाटेवर फळी घेऊन उभे राहायला शिकला. आणि गेल्या वर्षी दसऱ्याला आला तो तारकर्लीला ती विद्या शिकवण्याचा बेत घेऊनच. माझे थोरले बंधू पवनारच्या पलीकडे कापूस पिकवतात. त्यांनी बेत ऐकून घेतला, आणि मुलाशी बोलणेच टाकले. मुलगा माझ्याकडे राहायला आला.

"काका, आधी नाव पाहिजे," तो म्हणाला. हल्ली धंद्याचे नाव म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. एका गल्लीत चार रामभाऊ सुखाने नांदतात; पण इथे एक नाव साऱ्या जगात एकालाच मिळते, जो आधी मागेल त्याला.

वर्धेकराला हे फोड करून सांगावे लागत नाही. १९३६ साली गांधीजी ज्या खेड्यात राहायला आले त्याचे नाव सेगाव. नागपूर-भुसावळ मार्गावर गजानन महाराजांचे शेगाव आहे. गांधीजींचे टपाल चुकून तिकडे जाई. शेवटी १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. नावातली सेवा सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा टपालाचा घोळ मात्र पाहुण्यांना सांगावा लागतो. तरी बिचारे टपाल मनुष्य वाटत होते. चुकले तरी शोधत शोधत पोचण्याची आशा असे. यंत्र एका अक्षराचीही भीड धरत नाही.

चार दिवस आम्ही दोघे नावे शोधत होतो. मला पहिल्याने 'लाट' सुचले. पण रोमन अक्षरांत ते लाटही होते, लातही होते आणि लतही. मग 'भरती' म्हटले. पुतण्या हसू लागला. "काका, आपल्याकडची पोरं पोलीसभरती समजून अर्ज करतील." ती थट्टा होती, पण मला काही हसू आले नाही, त्याच्या वर्गातली निम्मी मुले त्याच भरतीसाठी पहाटे उठून धावत होती. जी नावे आवडत ती बहुधा गेलेली असत. एक तर कुणी नुसते अडवून ठेवले होते, आणि मागत होता ती किंमत ऐकून आम्ही संगणक बंद करून चहा प्यालो.

नावाला शेपूटही लागते. २०१२ साली नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले, तेव्हा एकेका अर्जाची फी १,८५,००० डॉलर होती. त्यातून 'डॉट सर्फ' असेही एक शेपूट निघाले. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत' मिळते. मी त्याचा आग्रह धरला. आपली लाट आपल्या लिपीत का नको? यंत्र आतल्या आत तिची रोमन अक्षरेच करून घेते हे कळल्यावर माझा उत्साह थोडा ओसरला. आणि गिऱ्हाईक कोणत्या लिपीत टंकणार, हा पुतण्याचा प्रश्न तर बिनतोड होता.

पाचव्या दिवशी दादा बँकेच्या कामाला म्हणून आले. काम सकाळीच आटोपले होते, तरी दुपारपर्यंत बसून राहिले. आमची खटपट पाहत पाहत, कुणाकडेच न बघता म्हणाले, "सांगड."

लहानपणी पवनारला धाम नदीत दादांनी मुलाला पोहायला शिकवले ते वाळक्या भोपळ्यांची जोडी पाठीला बांधून. ती सांगड. पुतण्याने मुकाट्याने अक्षरे दाबली. नुसता शब्द मिळाला नाही. पुढे आणखी एक जोडावा लागला, तो इथे सांगत नाही.

"आता कायमचं आपलं झालं?" दादांनी विचारले.

"नाही, बाबा. दरवर्षी पैसे भरायचे. एकदम फार तर दहा वर्षांचे भरता येतात."

"म्हंजे इकत नाही घेतलं. मक्त्यानं घेतलं." दादांचा चेहरा प्रथमच मोकळा झाला, हा व्यवहार त्यांच्या ओळखीचा होता. "अन् मक्ता चुकला तं?"

"थोडे दिवस सवलत देतात. मग कुणीही घेऊ शकतो."

दादांनी खिशातून पैसे काढले. मुलाने नको म्हटले. बराच वेळ ते पैसे टेबलावर तसेच पडून राहिले. शेवटी चहाची बशी उचलताना माझ्या पत्नीने ते त्याच्या पिशवीत टाकले.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मुदत संपत होती. दादांचा फोन आला. प्रकृतीची विचारपूस नाही, कापसाचा भाव नाही.

"पोरानं मक्ता भरला काय?"

"त्यालाच विचारा की."

"इचारलं. भरला म्हनते. तू एक डाव उघडून पाह्य."

मी ते पान उघडले. नाव जागेवर होते. पहिल्याच चित्रात पुतण्या गुडघाभर पाण्यात उभा होता आणि फळीवर पालथ्या पडलेल्या एका लहान मुलाची कंबर त्याने हाताने धरून ठेवली होती. दादांना मी तेवढेच सांगितले. फोन बराच वेळ चालू होता.