अडलेली

माथेरानला मी जातो तो घोड्यांसाठी. कुणाचा पोटशूळ, कुणाचा नाल निघून चिरलेला खूर. फेब्रुवारीतल्या एका सकाळी घोडेवाल्यानंच निरोप दिला, "डॉक्टर, बाजारामागच्या काकूंचं कासव चार दिवस खात नाही. जाता जाता बघा."

बायजा, म्हणजे ते कासव, ओट्यावर होती. लाल कानांची स्लायडर, मूळची मिसिसिपीच्या खोऱ्यातली जात. (आपलं चांदणी कासव असतं तर आधी वनखात्याला कळवलं असतं, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ते घरात ठेवता येत नाही.) तिचे मागचे पाय फरशीवर आळीपाळीनं घासत होते. उजवा, मग डावा. नखं झिजून रक्त आलं होतं. फरशीत ती खड्डा खणत होती. मागच्या पायापुढच्या खोबणीत बोट घातलं, तर आत काहीतरी टणक, लांबट लागलं आणि सरकलं. गाय अडते तशी ती अडली होती.

नर नसला तरी मादी अंडी धरते, हे काकूंना ठाऊक नव्हतं. पुष्कळांना नसतं.

कळा आणणारं इंजेक्शन माझ्या पेटीत होतं, तरी काढलं नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका मादीला मी एक्स-रे न काढता ऑक्सिटोसिन टोचलं होतं. एक अंडं वेडंवाकडं होतं, ते आतच फुटलं. ती वाचली नाही. ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही.

काकूंच्या नातवानं बायजाला ओल्या टॉवेलात गुंडाळून बादलीत घातलं आणि दस्तुरी नाक्यापर्यंत चालत नेलं. तिथून टॅक्सीनं नेरळ, पुढे पनवेल. एक्स-रेत सात अंडी दिसली. सगळी वाटेतून निघतील अशी, पण दोन अंड्यांची कवचं पुसट. तिची स्वतःची हाडंही तशीच. कारण घरातच होतं. वर्षानुवर्षं सुक्या कोळंबीवर वाढलेली, काचेच्या टाकीत, खिडकीशी. काचेतून ऊन दिसतं, पण त्यातले कॅल्शियम पचवायला लागणारे किरण आत येत नाहीत. त्यात माथेरानची दाट सावली आणि पावसाळ्याचे चार महिने धुकं. जी सावली पाहायला लोक मुंबईहून येतात, ती या जिवाला बाधली होती.

घरी परत आणल्यावर पाच दिवस कॅल्शियम आणि कोमट पाण्यात बसवणं चाललं. पण मन लावून केलं ते मातीचं काम. शिकाऊ असताना मी वेळासला गेलो होतो. तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२मध्ये समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. किनाऱ्यावरची अंडी कुंपणात आणून पुरताना खड्डा मादी खणते तसाच खणायचा: दीडएक फूट खोल, तोंड अरुंद, पोट मोठं, मडक्यासारखा. त्यासाठी माती धरणारी हवी. कोरडी ढासळते, चिखलात पाय रुततो.

माथेरानची तांबडी माती खडीची. आम्ही ती चाळली, त्यात वाळू मिसळली, पाणी शिंपडत गेलो. काकूंनीच पारख केली: मुठीत लाडू वळला पाहिजे आणि बोटानं टोचला की फुटला पाहिजे. मोठ्या लाकडी खोक्यात फूटभर थर दिला. रात्री गारठतं म्हणून वर दिवा, माकडांसाठी जाळी, आणि तिला माणसं दिसू नयेत म्हणून तीन बाजूंनी गोणपाट.

सहाव्या संध्याकाळी तिनं माती हुंगली. मग मागे वळून पाणी सोडलं, माती भिजवली आणि खणायला लागली. मी गोणपाटाच्या फटीतून बघत होतो. मागचा पंजा ओंजळीसारखा वाकवून ती माती वर आणायची, बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. खाली काय चाललंय हे तिनं एकदाही वळून पाहिलं नाही. दोन तासांनी पहिलं अंडं पडलं, पांढरं, बोटाच्या दोन पेरांएवढं. पाच झाली. मग तिनं खड्डा बुजवला आणि पोटाच्या कवचानं माती दाबून बसवली.

दोन राहिली होती. सकाळपर्यंत वाट पाहून, वाट मोकळी आहे हे ठाऊक असल्यामुळे, आता मात्र इंजेक्शन दिलं. तासाभरात टबात दोन्ही आली. एक टणक, दुसरं ओल्या कागदासारखं मऊ, उचलताच तळहातावर पसरलं.

बायजा मोकळी झाली. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा नातवानं अंगणात खडूनं चौकोन आखले होते. नऊचं ऊन इथे, दहाचं इथे, साडेदहाचं पायरीपाशी.