विणकरांच्या देवीच्या सावलीत

मंगळवारी दुपारी साधारण तीन ते साडेचार आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा ते बारा. पंचांगात ही वेळ राहुकाळाची. एरवी या वेळी कोणी शुभकार्य काढत नाही. बंगळूरच्या बनशंकरी देवळात मात्र नेमकी हीच वेळ पूजेची. बायका लिंबू अर्धे कापतात, रस पिळून साल उलटी करतात आणि त्या वाटीत वात घालून दिवा लावतात. रांगेतल्या साड्या पाहण्यासारख्या असतात. कुणी जरीकाठाचे म्हैसूर क्रेप नेसलेली, कुणी इरकल, तर कुणी जीन्सवर कुर्ता घालून, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवून कामावरून आलेली. केसांत मात्र बहुतेकींच्या मोगरा. फॅशनच्या व्यवसायात पाय रोवायला या शहरात आलेल्या मुलीला पहिला धडा इथे फुकट मिळतो.

देवी मूळची बदामीची

कनकपुरा रस्त्यावरचे हे देऊळ सोमण्णा शेट्टी या भक्ताने १९१५ साली बांधले. मूर्ती विजापूरकडून आणली. देवीचे मूळ ठाणे बदामीजवळ चोळचगुड्ड येथे. हीच शाकंभरी, पौषात तिचे नवरात्र बसते. कित्येक मराठी घराण्यांची ती कुलदेवता आहे आणि बदामीच्या आजच्या देवळाची उभारणीही १७५० साली परशुराम आगळे या मराठा सरदाराने केली. कर्नाटकातले देवांग विणकर हिलाच कुलदेवता मानतात. बदामीच्या त्या मुलखातच गुळेदगुड्डला चोळीचा खण विणला जातो आणि इलकलला आपली इरकल. आजीच्या ट्रंकेतले लुगडे आणि बंगळूरचे हे उपनगर यांचे नाते असे जवळचे आहे.

पिना, इस्त्री आणि पत

डिझायनर कपडा घडवतो. तो कोणाला, कशाबरोबर आणि कुठे शोभेल हे स्टायलिस्ट ठरवते. ऐकायला हे काम चैनीचे वाटते. प्रत्यक्षात दिवस जातो तो दुकाने पालथी घालण्यात, पिशव्या वाहण्यात, पिना टोचण्यात आणि वाफेच्या इस्त्रीने सुरकुत्या काढण्यात. फोटोसाठी लागणाऱ्या साड्या आणि दागिने पुष्कळदा दुकानातून उसने आणायचे आणि डाग न पडता परत करायचे असतात. उसने कोण देणार? ओळखीचा दुकानदार. म्हणूनच शहर बदलले की या व्यवसायातल्या माणसाची पत पुन्हा शून्यावर येते. जिला दादरच्या दुकानात नावाने हाक मारत, तिच्याकडे चिकपेटेत अनामत रक्कम मागितली जाते. ओळख जमायला महिने लागतात, घरभाडे मात्र दर महिन्याला द्यावेच लागते. तेव्हा गाठीला थोडी पुंजी असल्याखेरीज केवळ हौसेपोटी येथे येऊ नये.

भाषेची थोडी तयारीही उपयोगी पडते. 'एष्टु?' म्हणजे किती, आणि 'स्वल्प कडिमे माडि' म्हणजे थोडे कमी करा. एवढ्यावर बोलणे सुरू होते. पुढे एखाद्याने मराठीत उत्तर दिले तर नवल नको. १६३८ साली बंगळूर जिंकले गेले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत आले. भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची मराठी बोलणारी घराणीही कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. रंगारीकाम आणि शिवणकाम हा त्यांचा परंपरागत व्यवसाय.

मेट्रोच्या वाटेवरचे रेशीम

बनशंकरीचे मेट्रो स्थानक २०१७ साली सुरू झाले. हिरव्या मार्गाने उत्तरेला गेले की चिकपेट, म्हणजे रेशमी साड्यांची जुनी पेठ. दक्षिणेचे शेवटचे स्थानक 'सिल्क इन्स्टिट्यूट'. तिथवर गाडी २०२१ पासून जाते. बनशंकरीच्या अलीकडच्या आर. व्ही. रोड स्थानकावरून ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेला पिवळा मार्ग १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाजवळून जातो. म्हैसूरचा रेशीम कारखाना महाराज कृष्णराज वाडियार यांनी १९१२ साली काढला, त्यासाठी माग स्वित्झर्लंडहून आणवले. शहरातल्या 'विमोर' या संस्थेत जुन्या साड्यांचे नमुने अभ्यासायला मिळतात. ती चिमी नंजप्पा आणि त्यांची मुलगी पवित्रा मुद्दय्या यांनी १९७४ साली सुरू केली.

खरी इरकल कोणती?

इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा वेगवेगळे असतात. ते फासे घालून एकमेकांत अडकवतात. या पद्धतीला 'तोपे तेनी' म्हणतात. त्यामुळे ताणा एकेका साडीपुरताच लावावा लागतो, काम सावकाश होते आणि किंमत वाढते. यंत्रमागावरची नक्कल स्वस्त असते, शिवाय फोटोत फरक कळत नाही. इथेच स्टायलिस्टची परीक्षा होते. फोटो पाहून ग्राहक विचारतात, 'ही कुठे मिळेल?' त्या उत्तरावर पुढची मागणी हातमागाकडे जाणार की नकलेकडे, हे काही अंशी ठरते.

गणवेश नको, शैली हवी

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. मुंबईचा घाम इथे नाही, त्यामुळे रेशीम दिवसभर अंगावर टिकते आणि सुतीवर शालही खपून जाते. पण नव्या शहरात सगळ्यांसारखे दिसण्याचा मोह होतोच. अशा वेळी दोन मराठी माणसे आठवावीत.

बनशंकरीला लागून असलेल्या हनुमंतनगरात वाढलेला, बसमध्ये कंडक्टरी करणारा शिवाजीराव गायकवाड अभिनय शिकायला मद्रासला गेला. १९७५ साली पडद्यावर आला तो रजनीकांत म्हणून. चालण्या-बोलण्याच्या स्वतःच्या लकबी हीच त्याची ओळख ठरली. दुसऱ्या कोल्हापूरच्या भानू अथय्या. मुंबईत जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, 'ईव्हज वीकली'साठी फॅशनची रेखाचित्रे काढली आणि १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी भारताचे पहिले ऑस्कर मिळवले. तेही अशा चित्रपटासाठी, ज्यात झगमगाटापेक्षा खादीला मान होता.

बनशंकरीत नव्याने संसार थाटणाऱ्या मुलीने सुरुवात घरातूनच करावी. आईची इरकल सोबत आणावी, तिच्यावर गुळेदगुड्डी खणाचा ब्लाउज शिवून घ्यावा. चिकपेटेत खरेदीला जाताना तीच नेसावी. साडीची पारख असलेल्या दुकानदाराला ती दिसतेच आणि मग पदराच्या जोडावरून बोलणे निघते. उसनवारीची ओळख पुष्कळदा अशाच बोलण्यातून जमते.